आकडे हिरवे, सांधा ढिला

‘गाडी डावीकडे ओढते’ अशी तक्रार घेऊन कुठल्याही टायरच्या दुकानात गेलात, तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं: अलायनमेंट करून घ्या. तीन-चारशे रुपये, अर्धा तास आणि हातात एक प्रिंट. आधी लाल असलेले आकडे आता हिरवे झालेले असतात. माणूस समाधानानं घरी जातो.

माझ्या काकांनी वर्षभरात असे तीन प्रिंट जमवले. गाडी ओढायची काही थांबली नाही.

काका आलापल्लीला राहतात. त्यांची जुनी जीप भाड्यानं चालते. अहेरी, एटापल्ली, भामरागड, कधी आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडून चंद्रपूर. दिवसा बाजाराची माणसं, हंगामात लग्नाची वऱ्हाडं. रात्री कुणाच्या घरी बाई अडली किंवा कुणाला साप चावला, की दवाखाना. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आहे, पण ती दुसऱ्या गावाला गेलेली असेल तर लोक काकांचं दार वाजवतात. त्यामुळे त्यांची गाडी सरळ चालते की नाही, हा फक्त त्यांच्या टायरच्या खर्चाचा प्रश्न नाही.

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी धरली. दिवाळीत आलापल्लीला गेलो, तेव्हा काकांनी तिन्ही प्रिंट माझ्यापुढे टाकले. “तू इंजिनिअर हायेस ना, वाच बरं हे.”

प्रिंटवर मुख्य गोष्टी तीन असतात: कॅम्बर, कॅस्टर आणि टो. गाडीच्या समोर उभं राहून पाहिलं तर चाक उभं आहे की आत-बाहेर झुकलंय, तो कॅम्बर. कॅस्टर समजून घ्यायचा तर सायकलचा पुढचा फोर्क आठवा. तो सरळ उभा नसतो, थोडा तिरका असतो. म्हणून तर हात सोडूनही सायकल सरळ चालवता येते. गाडीतही वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप जागेवर येतं, त्यात या कोनाचा मोठा वाटा असतो. आणि टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं पायाच्या पंजांसारखी आत वळलेली आहेत की बाहेर.

या तिघांत टायर सगळ्यात जास्त खातो तो टो. हिशेब करून पाहा. एखादं चाक चालण्याच्या दिशेपासून अर्धा अंश तिरकं आहे असं समजा. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही. पण गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक जवळपास ८.७ मीटर आडवं घासलेलं असतं. आलापल्लीहून चंद्रपूर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे तिथे पोचेपर्यंत ते टायर अंदाजे एक किलोमीटर आडवं फरपटत गेलं. काकांच्या पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली होती, आणि त्याला कारण असलं काहीतरी होतं हे उघड होतं. टायरवरून तळहात आतून बाहेर फिरवला की मऊ लागायचं. उलटा फिरवला की करवतीसारखं टोचायचं. टो बिघडल्याची ही जुनी खूण आहे, आणि तिला मशीन लागत नाही.

पण प्रिंटवर तर टो हिरवा होता. तिन्ही वेळा.

हे कोडं समजायला गाडीचं चाक कशावर उभं असतं ते पाहावं लागतं. आपल्याकडच्या बंडीची दोन्ही चाकं एकाच आसावर असतात आणि दिशा बैल ठरवतात. बंडीला अलायनमेंटचा प्रश्नच येत नाही. चारचाकी वाहन वळवायचं म्हटलं की पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वळावी लागतात, तीही वेगवेगळ्या कोनात, कारण आतल्या चाकाचं वळण लहान असतं. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्यानं घोडागाडीसाठी ही युक्ती काढली. १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमन यानं तिचं पेटंट घेतलं, आणि नाव अ‍ॅकरमनचंच राहिलं. युक्ती छान आहे, पण तिची किंमत म्हणजे सांधे. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे रबरी बुश. मोटारीचं पुढचं चाक अशा सगळ्या सांध्यांवर टांगलेलं असतं, आणि यातला एक जरी ढिला झाला तरी चाकाचा कोन कायम राहत नाही. ब्रेक दाबला की एक कोन, खड्ड्यात गेलं की दुसरा, उभं असताना तिसरा.

अलायनमेंटचं मशीन यातला तिसरा मोजतं. चाकांना पाट्या लावतात, कॅमेरे त्या पाट्या पाहतात, गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात आणि स्क्रीनवर आकडे येतात. ते आकडे खरे असतात. फक्त ते उभ्या गाडीचे असतात. सांध्यात ढिल किती आहे, हे मशीनला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून चांगल्या दुकानात गाडी मशीनवर चढवण्याआधी खालून सांधे तपासतात. घाईच्या दुकानात ही पायरी गळते. काकांची गाडी जिथे जात होती तिथे ती तिन्ही वेळा गळली असावी.

गाडी ओढण्याची कारणं अर्धा डझन तरी असतात, आणि ती तपासायला क्रम लागतो. आमच्या धंद्यातही असंच करतात. जे तपासायला फुकट, ते आधी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

पहिली हवा. एका बाजूला हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला जाते. मग रस्ता. पाणी निघून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे जराशी डावी ओढ कुठल्याही गाडीला असते. रिकाम्या, सपाट जागी चालवून पाहिलं की ती वजा करता येते. मग ब्रेक. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, किंवा दहा-पंधरा किलोमीटरनंतर एकच रिम तापत असेल, तर दोष ब्रेकमध्ये शोधायचा. मग टायर. पुढची दोन्ही चाकं आपसात बदलायची. ओढ डावीकडून उजवीकडे गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर टायर सुटला. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर ती भानगड बहुधा बॅलन्सिंगची. आमच्याकडे पावसाळ्यात याचं एक अगदी फुकटातलं कारण असतं: धानाच्या बांधीतला चिखल रिमच्या आत वाळून बसतो. नुसतं पाण्यानं धुतलं तरी थरथर जाते.

हे सगळं काका आणि मी मिळून एका सकाळी उरकलं. हवा बरोबर होती. रिम गार होती. चाकं बदलली तरी ओढ डावीकडेच. दुपारी गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड आणि चिंचेचं झाड. बोलता बोलता ते मधेच तेलुगूत शिरतात, अहेरी-सिरोंचा भागात ते नवीन नाही. त्यांनी प्रिंट पाहिलेही नाहीत. “कागद ठेव बाजूले. गाडी वर घेऊ.”

त्यांच्याकडच्या पोरानं जॅक चेसीखाली लावला, चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे दोन हात. काहीच हललं नाही. टेस्ट पास. तेवढ्यात मिस्त्री ओरडले, “आर्मखाली लाव न बे!”

पोरानं जॅक काढून लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावला. पुन्हा बारा आणि सहावर हात. या वेळी ‘टक’ असा आवाज आला आणि चाक बोटभर नाही, पण स्पष्ट जाणवेल इतकं हललं.

दोन चाचण्यांत फरक फक्त जॅकच्या जागेचा होता. काकांच्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. जॅक चेसीखाली असला की चाक लटकतं, स्प्रिंग आर्मला दाबत राहते आणि तो ताण सांध्याला आवळून धरतो. सांधा झिजलेला असूनही घट्ट लागतो. जॅक आर्मखाली घेतला की स्प्रिंगचा भार जॅकवर जातो, सांधा मोकळा होतो आणि झीज हाताला कळते. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांत बरोबर उलट: तिथे जॅक बॉडीखाली लावून चाक लटकू द्यायचं. दोन्हीकडे तत्त्व एकच. ज्या सांध्याची परीक्षा घ्यायची, त्याच्यावरचा भार आधी काढायचा.

मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. पोराला ब्रेक दाबून धरायला लावला आणि चाक पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर ढिल गेली असती तर दोष व्हील बेअरिंगचा होता. ढिल तशीच राहिली. बॉल जॉइंट. मग हात तीन आणि नऊवर ठेवून टाय रॉड तपासला, तो ठीक होता. मागे जाऊन पाट्यांचे सेंटर बोल्ट पाहिले. तो बोल्ट तुटला तर मागचा आस सरकतो, गाडी तिरकी चालते, आणि लोक मात्र पुढची चाकं सरळ करत बसतात. तेही ठीक होतं.

“डाव्याच बाजूचा जाते,” मिस्त्री म्हणाले. “सायडपट्टी.”

एका शब्दात त्यांनी रस्त्याचा सगळा इतिहास सांगितला. जंगलातला डांबरी रस्ता कित्येक ठिकाणी एका गाडीपुरताच आहे. समोरून भरलेला ट्रक आला की तो खाली उतरत नाही, जीपच उतरते. दरवेळी डावी दोन चाकं डांबराची कड सोडून सायडपट्टीच्या मुरमात आपटतात आणि पुन्हा कडेवर चढतात. दिवसातून वीस-तीस वेळा, वर्षानुवर्षं. तो सगळा मार पुढच्या डाव्या सांध्यानं खाल्लेला असतो.

बॉल जॉइंट झिजत झिजत शेवटी खोबणीतून निसटतो. तो निसटला की चाक आडवं मोडतं, गाडीचा कोपरा जमिनीला टेकतो आणि स्टिअरिंगचा उपयोग राहत नाही. भामरागडच्या रस्त्यावर, रात्री, मागच्या सीटवर पेशंट असताना हे झालं तर काय, याचा विचार आम्ही तिघांनीही केला. बोललं कुणीच नाही.

नवा बॉल जॉइंट चंद्रपूरहून मागवला. यायला दोन दिवस लागणार होते. मिस्त्री म्हणाले, तोवर गाडी हलवायची नाही.

दुसऱ्या रात्री साडेदहाला दार वाजलं. शेजारच्या गावचा एक तरुण होता. बायकोला कळा सुरू झालेल्या, अ‍ॅम्ब्युलन्सला उशीर. काका अंगणात गाडीपाशी जाऊन उभे राहिले. गाडी सुरू होत होती. दिवे लागत होते. अहेरीपर्यंतचं अंतर काही फार नव्हतं, आणि गेले कित्येक महिने याच सांध्यावर ती धावली होती. मी पाहत होतो. काकांनी मान हलवली आणि खिशातून फोन काढला. तिसऱ्या फोनवर एक ओळखीची गाडी मिळाली. ती येईपर्यंतची वीस मिनिटं तो तरुण आमच्या जीपकडे बघत बसला होता. त्याला वरून ती धडधाकट दिसत होती. काकांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला, पण झिजलेला सांधा अशा वेळी कुणाला काय समजणार. पहाटे फोन आला, बाळ-बाळंतीण सुखरूप. त्यानंतर कुठे काका झोपले.

मला तेव्हा त्या तीन प्रिंटची खरी किंमत कळली. हजारेक रुपये, चंद्रपूरच्या तीन खेपांचं डिझेल, बुडालेले तीन दिवस आणि एक टायर, हा झाला वहीतला खर्च. पण त्या प्रिंटमुळे गाडी ठीक असल्याचा विश्वास वर्षभर टिकला, आणि त्या विश्वासावर माणसं गाडीत बसत राहिली. गाडीनं ओढून ओढून सांगितलं नसतं असं नाही. दरवेळी तिचं म्हणणं आकड्यांनी गप्प केलं.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट बदलले. मग सुतळी काढली. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत ताणली, टेपनं चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजलं, टाय रॉड थोडा थोडा फिरवला. साधारण ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकात अर्धा अंश म्हणजे दोन कडांमध्ये पाच मिलिमीटरचा फरक. टेपवर तो दिसतो. काम झाल्यावर त्यांनीच सांगितलं, “आता जा चंद्रपूरले, मशीनवर लाव. सुतळीनं काम भागते, बारीक तं तिकडंच होते.”

चौथा प्रिंटही हिरवाच निघाला. काकांनी तो घडी करून डॅशबोर्डात ठेवलाय. शिवाय आता दर महिन्याच्या एक तारखेला ते गाडी आर्मखाली जॅक लावून उचलतात, खाली लाकडी ठोकळा सरकवतात आणि बारा आणि सहावर हात ठेवतात. मला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच शब्द येतो. आतापर्यंत तरी तो ‘घट्ट’ असाच आला आहे.