जमा, नावे आणि आमची नावं

मी भोरकडच्या एका कागदगिरणीत राबतो. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण रद्दीनं केलं. ट्रकमधून गठ्ठे येतात. पेढ्यांच्या रोजकीर्दी, खतावण्या, बाद झालेले स्टॅम्पपेपर. सगळं हौदात जातं. लाखाचा हिशोब आणि रुपयाचा हिशोब, दोघांचा लगदा एकाच रंगाचा. श्रीमंती म्हणजे काय? कुणीतरी लिहिलेला आणि बाकीच्यांनी खरा मानलेला कागद.

मुकादमाला विचारून काही पानं मी घरी आणतो. काजळी, चुना आणि चहाच्या पाण्यानं त्यांच्यावर चित्रं काढतो.

दोस्तहो, यात नवीन काही नाही. ब्राझीलच्या सिल्दो मेइरेलेसनं १९७५ साली चालू नोटांवर शिक्का मारला : हेर्झोगला कोणी मारलं? हेर्झोग पत्रकार, लष्करी राजवटीच्या कोठडीत मेला. नोट कोण फाडून टाकणार? पैशाचा लोभच त्या प्रश्नाचा हमाल झाला.

त्याच्या शंभर वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. रोख माणसापेक्षा कागदावर होता. १८७९ ला सरकारला कायदा करावा लागला. पण आपल्या राबण्याचा हिशोब त्या वह्यांत नव्हताच. मग जळणार काय?

बापाचं गाव वेल्ह्याकडचं. तोरण्याच्या डागडुजीत धन सापडलं, त्यावर राजगड उभा राहिला, असं सांगतात. कुदळ कुणाच्या हातात होती ते कोणी सांगत नाही. भोर संस्थानानं १९०१ साली टपालाचं तिकीट काढलं, त्यावर पंतसचिवांचं चित्र. संस्थान १९४८ ला विलीन झालं, तिकीट अजून शौकिनांच्या वहीत जपून आहे. गावचा वसूल डोक्यावर घेऊन कचेरीपर्यंत चालत गेलेला महार कुठल्या वहीत आहे?

म्हणून मी तिकिटाच्या मापाची चौकट आखतो आणि तिच्यात आजीचा चेहरा काढतो. खतावणीत एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. मी जमेच्या रकान्यात आमची नावं लिहितो.

घरी पत्र्याच्या पेटीत एक कागद आहे. वतनाच्या जमिनीचा, खाली पणज्याचा अंगठा. पुण्याच्या एका चित्रशौकिनानं तो बघितला. म्हणाला, "हा अंगठा फ्रेममध्ये घाला, मी घेतो." त्यानं सांगितलेली किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. आई म्हणाली, "मेलेल्या कागदावर काढ काय काढायचं ते. ह्यो कागद अजून जित्ता हाय. उद्या तलाठ्यापुढं ह्योच हुबा ऱ्हाणार."

आईला अक्षर येत नाही, कागदाची किंमत मात्र तिला त्या शौकिनापेक्षा जास्त कळते. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं. त्यांना नोटही वाचता येत होती आणि सनदही. महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. जमिनी धारकांना पुन्हा मिळायच्या होत्या, कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकताही येत नाहीत. तरी कितीतरी जमिनी आज दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहेत. त्यांचे कागद कपाटात राहिले, आपले पेटीत कुजले.

तेव्हा मोर्चाला जाण्याआधी घरची पेटी उघडा. कागद मोडीत असेल तर वाचणारा गाठा. सातबारा काढा, जुने फेरफार मागा. झेरॉक्स करून ठेवा. मग चित्रं काढा, कविता लिहा, काय करायचं ते करा.

मी पणज्याच्या अंगठ्याची झेरॉक्स मोठी करून घेतली, तिच्यावर काजळीनं शेताचे बांध काढले. अस्सल कागद पेटीत आहे. चित्र वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर आहे, ते विकायचं नाही. खाली दोनच शब्द लिहिलेत : बाकी येणे.