वृक्षादनी की वृक्षरुहा?

सिंगापूर,
रविवार

ती. काकांस,


उद्यान-प्रदर्शनातल्या ऑर्किडच्या दालनात गर्दी नेहमी फुलांपाशी होते. परीक्षकांचे गुणही फुलांनाच: पाकळ्यांची ठेवण, रंगाचा नितळपणा, तुऱ्यावर फुले किती आणि कशी बसली आहेत. मुळांना कोणी गुण देत नाही. लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या तारेने टांगलेल्या असतात, टोपलीत माती औषधालाही नसते आणि हात-दीड हात लांबीची राखाडी मुळे सुतळ्यांसारखी खाली लोंबत असतात. पाहणाऱ्याला ती गबाळी वाटतात. फोटो काढताना ती येणार नाहीत अशा बेताने मोबाइल धरला जातो. ऑर्किडची ओळख मात्र मुळांवरून जितकी पटते तितकी फुलावरून पटत नाही, म्हणून सुरुवात मुळांपासून.

झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचे जाड, स्पंजासारखे वेष्टन असते. वनस्पतिशास्त्रात त्याला वेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, त्यामुळे मूळ रुपेरी दिसते. पाणी पडले की वेष्टन ते झटकन शोषून घेते, पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. हा रंग हरितद्रव्याचाच असतो. पानांच्या जोडीने मुळेही थोडेफार अन्न तयार करतात. सकाळी माळी फवारा मारत असताना टोपल्यांखाली उभे राहिले तर पांढऱ्या सुतळ्या बघता बघता हिरव्या होताना दिसतात. सगळ्या दालनात याहून चांगला देखावा नाही, आणि त्यासाठी फुलांचा हंगामही लागत नाही.

एवढी सोय लागते कारण फांदीवरचे जिणे मुळातच कोरडे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर. पाऊस बाराही महिने. तरीही फांदीवर पडलेले पाणी पाच-दहा मिनिटांत ओघळून जाते आणि मग कडक ऊन. भर पावसाच्या मुलखात राहूनही या वनस्पतीला वाळवंटातल्या निवडुंगासारखा जपून खर्च करावा लागतो. पाने जाड, खोडे फुगीर आणि पाणी साठवणारी. अनेक जाती तर पानांवरची रंध्रे दिवसा मिटून ठेवतात आणि हवा रात्री आत घेतात.

अशी वनस्पती दुसऱ्याच्या फांदीवर दिसली की माणसाला पहिली शंका चोरीची येते. प्रदर्शनात मोठ्या, जांभळ्या-निळ्या, चौकटीची नक्षी असलेल्या फुलांपुढे सर्वांत जास्त माणसे थांबतात, त्या प्रजातीचे नाव वांडा. हे नाव संस्कृतातून गेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात ‘वन्दा’ हा शब्द या वनस्पतीसाठी उचलला आणि पुढे वनस्पतिशास्त्राने तो कायम केला. संस्कृतात मात्र वन्दा म्हणजे बांडगूळ. अमरकोशात तिचे दोन पर्याय शेजारी-शेजारी बसले आहेत: वृक्षादनी, म्हणजे झाड खाणारी, आणि वृक्षरुहा, म्हणजे झाडावर वाढणारी. पहिला शब्द बांडगुळाला चपखल लागतो, ऑर्किडला फक्त दुसरा. जोन्ससाहेबांनी नाव घेतले आणि त्याबरोबर आळही घेतला.

कोकणातल्या आंब्यावर हा घोटाळा दर वर्षी होतो. बांडगूळ फांदीच्या सालीत घुसते आणि आतला रस पिते; जिथे ते चिकटते तिथे फांदीला गाठ येते आणि पुढचा भाग हळूहळू खंगतो. ते कापून काढणे योग्यच. ऑर्किडचे मूळ सालीच्या आत जात नाही. ते सालीला वरून चिकटून राहते, पाऊस, धूळ आणि कुजलेला पालापाचोळा यांतून मिळेल तेवढे घेते. आंब्याचे त्यात काहीच जात नाही. ओळख सोपी आहे. जाडजूड रुपेरी मुळे सालीवरून उघडी पसरलेली दिसली, पाने दोन्ही बाजूंनी पट्ट्यासारखी, एकात एक बसवल्यासारखी निघालेली असली, तर कोयता बाजूला ठेवावा. अशी पाने साधारण सीतेची वेणी या ऑर्किडची असतात. मे-जूनमध्ये तिचे गुलाबी-पांढरे घोस खाली लोंबतात. मराठीत अशा साऱ्या वनस्पतींना आमरी हे जुने नाव आहे, ते बांडगुळाच्या यादीत कधीच नव्हते.

सिंगापूरचे राष्ट्रीय फूलही याच वांडा घराण्यातले, आणि त्याची कथा एका पुष्पप्रदर्शनाशीच जोडलेली आहे. ॲग्नेस जोकिम ही सिंगापूरच्या आर्मेनियन कुटुंबातली बागकामाची हौस असलेली बाई. तिने दोन जातींचा संकर केला. एक मलाया, सुमात्रा आणि बोर्निओच्या दलदलीत वाढणारी. दुसरी आसामापासून ब्रह्मदेश-थायलंडपर्यंत आढळणारी. या रोपाला आलेले फूल तिने वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांना दाखवले. रिडली हे रबराच्या लागवडीसाठी प्रसिद्ध. त्यांनी १८९३ साली त्याचे वर्णन लंडनच्या एका बागकामाच्या नियतकालिकात छापले आणि नाव ठेवले वांडा मिस जोकिम. १८९९ च्या सिंगापूरच्या प्रदर्शनात या फुलाला बक्षीस मिळाले. त्याच वर्षी ॲग्नेस वारली. १९८१ साली फूल राष्ट्रीय ठरले.

गंमत अशी की पुढे बरीच वर्षे हे श्रेय तिच्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न चालला. बागेतल्या बांबूच्या बेटात तिला हे रोप आपोआप उगवलेले सापडले, मधमाशीने संकर केला, अशी गोष्ट रूढ झाली होती. रिडलींनी सुरुवातीलाच स्पष्ट लिहून ठेवले असताना! सिंगापूरच्या उद्यान विभागाने अखेर २०१६ साली ॲग्नेसला संकराची कर्ती म्हणून अधिकृत मान्यता दिली. तोपर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलाचे घराणेच बदलून टाकले होते: आता ते वांडा नव्हे, पॅपिलिओनँथे. बाजारात आणि लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव आहे. पाने पेन्सिलीसारखी गोल, फूल फिकट गुलाबी-जांभळे, ओठ रुंद आणि गडद. सावलीत बसणाऱ्या ऑर्किडांच्या उलट याला भरपूर ऊन लागते आणि खांबावर चढायला आवडते. वेलाचे तुकडे लावले की नवे रोप तयार, त्यामुळे हवाई बेटांवर पाहुण्यांच्या गळ्यात घालायच्या हारांसाठी त्याची शेतेच्या शेते उभी राहिली.

ॲग्नेसने केले ते किती अवघड होते हे कळायला ऑर्किडचे बी पाहावे लागते. खरे तर ते डोळ्यांना दिसतच नाही. एका बोंडात लाखो बिया, तपकिरीसारख्या बारीक. बीज म्हणजे आईने बाळाला बांधून दिलेली शिदोरी, असे शाळेत शिकवतात. ऑर्किडच्या बियांत शिदोरीच नसते. वाऱ्यावर दूर जायचे म्हणून सगळे वजन टाकून दिलेले. अशी बी सालीच्या भेगेत पडली तरी रुजत नाही. विशिष्ट बुरशी तिच्यात शिरली, तिने अन्न पुरवले, तरच कोंब निघतो. हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना १८९९ मध्ये उलगडले, म्हणजे ॲग्नेसच्या बक्षिसाच्याच वर्षी. त्याआधी बागाईतदार बी आईच्या मुळांपाशी टाकून वाट पाहत. बुरशी तिथे असली तर काही रोपे येत, नसली तर बोंडच्या बोंड वाया.

बुरशीची गरज १९२२ साली संपली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले लुईस नडसन यांनी आगरच्या जेलीत साखर आणि क्षार घालून, निर्जंतुक काचेच्या चंबूत बी रुजवून दाखवले. जी शिदोरी बुरशी देत होती ती आता साखरेने दिली. सिंगापूर वनस्पती उद्यानाचे संचालक एरिक होल्टम यांनी १९२८ मध्ये ही पद्धत वापरून संकराचा कार्यक्रम सुरू केला आणि तो अजून चालू आहे. प्रदर्शनाच्या कोपऱ्यात, सहसा कोणी न थांबणाऱ्या टेबलावर, असे चंबू ठेवलेले असतात: आत मोहरीएवढे हिरवे गोळे, काहींना सुईच्या टोकाएवढे पान. त्यांतल्या एकाला पहिले फूल यायला दोन ते सहा वर्षे लागतात. १९६० साली फ्रान्सचे झॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपे काढण्याची पद्धत शोधली, तेव्हापासून बक्षीसपात्र रोपाच्या हजारो प्रती निघू लागल्या. पूर्वी श्रीमंतांच्या काचघरात राहणारे फूल भाजीच्या दुकानाशेजारी मिळू लागले ते यामुळे. आपल्याकडे लग्नाच्या मंचावर आणि सत्काराच्या गुच्छात ठरलेले जांभळे-पांढरे डेंड्रोबियम हे त्याच कारखानदारीचे अपत्य.

पाहुण्या मान्यवरांच्या नावाने नवे संकर करण्याची सिंगापुरातली प्रथाही १९५० च्या दशकापासूनची. मार्गारेट थॅचर यांच्या नावाचे डेंड्रोबियम आहे, २०१८ पासून नरेंद्र मोदी यांच्या नावाचेही. १९९५ साली उघडलेल्या राष्ट्रीय ऑर्किड उद्यानात या पाट्यांपुढे बरीच रांग लागते. फुलापेक्षा पाटीचा फोटो जास्त निघतो, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

विक्रीच्या दालनात सर्वांत जास्त खपते ते फॅलेनॉप्सिस, पतंगासारखे पसरट फूल असलेले. पांढऱ्याशुभ्र कमानीसारख्या तुऱ्यांच्या रांगा पाहून ते इथल्या हवेत सहज फुलत असेल असे वाटते. तसे नाही. या रोपाला तुरा काढायला काही आठवडे थोडी थंड हवा लागते. सतत २८ अंशांच्या वर ठेवले तर ते पाने काढत राहते, फुलत नाही. उष्णकटिबंधातले फूल उष्णकटिबंधातल्याच शहरात फुलवायला वातानुकूलन लावावे लागते. घरी आणलेले असे रोप दोन-तीन महिने फुले टिकवते आणि मग पुन्हा फुलत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. पुण्यात किंवा सातारा-महाबळेश्वरकडे हिवाळ्याच्या गार रात्री हे काम फुकटात करतात. मुंबईच्या बंद गॅलरीत ते अवघड.

रोप मरण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा वेगळे असते, आणि तिथे पुन्हा मुळांकडे यावे लागते. कुंडीत माती भरणे आणि तुळशीसारखे रोज पाणी घालणे, या दोन मायेच्या गोष्टींनी जितकी ऑर्किडे जातात तितकी उन्हाने जात नाहीत. स्पंजासारखे वेष्टन सतत ओले राहिले की मुळाला हवा मिळत नाही आणि ते आतून कुजते. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे ढलपे, एवढ्यावर रोप बसवावे. मुळे पुन्हा रुपेरी झाली की मगच पाणी द्यावे. भोके असलेली पारदर्शक कुंडी याच कामाची, रंग बाहेरून दिसतो.

इथून रोप पाठवण्याचा विचार मात्र सोडलेला बरा. ऑर्किडांच्या सर्व जाती वन्य जीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीत आहेत. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला यांशिवाय रोप सीमा ओलांडू शकत नाही. रानातून ओरबाडून नेण्याने अनेक जाती संपत आल्या, त्यामुळे हा जाच रास्त म्हणावा लागतो.

ओरबाडणे आणि जंगलतोड यांनी काय होते याचे उदाहरण सिंगापुरातच आहे. व्याघ्र-ऑर्किड, जगातले सर्वांत मोठे. एका झुबक्याचे वजन टनावर जाते आणि तुरा माणसाहून उंच होतो. वनस्पती उद्यानात १८६१ साली लावलेला एक झुबका अजून जिवंत आहे, पण रानातून जात नाहीशी झाली होती. १९९० च्या दशकात तिचे बी नडसन यांच्याच पद्धतीने चंबूत रुजवून रोपे रस्त्याकडेच्या झाडांवर बांधायला सुरुवात झाली. पुण्या-मुंबईत रेन ट्री म्हणून ओळखीचे असलेले प्रचंड वृक्ष इथेही रस्त्यांवर छत धरतात. त्यांच्या बेचक्यांत आता ही रोपे बसली आहेत. खालून जाणाऱ्या बसमधल्या माणसाला ती बांडगुळेच वाटत असावीत.

त्याच झाडांवर पारवा-ऑर्किड नावाची एक साधी जात आहे. प्रदर्शनात ती मांडता येत नाही, कारण तिची तारीख कोणाला ठरवता येत नाही. तिच्या कळ्या तयार होऊन निजून राहतात. वादळी पाऊस येऊन हवा एकदम पाचेक अंशांनी उतरली की त्या जाग्या होतात, आणि बरोबर नवव्या दिवशी त्या भागातली सगळी रोपे एकाच सकाळी फुलतात. पांढरे, सुवासिक फूल संध्याकाळपर्यंत कोमेजते. आयुष्य एवढे थोडे असल्यामुळे सगळ्यांनी एकदम फुलणे भाग. नाहीतर एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडापर्यंत नेणाऱ्या मधमाशीला जाण्यासारखे दुसरे फूलच सापडणार नाही. गेल्या सोमवारी संध्याकाळी इथे जोराचे वादळ झाले. नववा दिवस येत्या बुधवारी येतो.

सौ. काकूंस सा. न. कळावे,

तुमचा पुतण्या