औषधाच्या चिठ्ठीवरचे नाव

औषधांच्या दुकानात एक नोंदवही असते. ती कोणासाठी असते, हा प्रश्न आपल्यापैकी फारसा कोणी विचारीत नाही. विक्रेत्याला वाटते, ती निरीक्षकासाठी. गिऱ्हाइकाला वाटते, ती विक्रेत्यासाठी. वस्तुतः ती रुग्णासाठी आहे, आणि नेमके हेच आपण विसरून गेलो आहोत.

रुग्णांच्या घरी जाणे हा माझ्या कामाचाच भाग असल्यामुळे फैजपूर परिसरातील पुष्कळ घरांतली औषधे मी जवळून पाहिली आहेत. कुठे ती फळीवरच्या डब्यात असतात, कुठे पदराच्या गाठीत. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एका आजीने एकदा कागदाची पुडी माझ्यापुढे उलगडली आणि विचारले, “बाबा, ही पांढरी गोयी सकायची का रातची?” पुडीत कात्रीने कापलेले पाकिटाचे दोन तुकडे होते. औषधाचे नाव अर्धेच उरले होते. बॅच क्रमांक आणि मुदत दुकानातच राहिलेल्या तुकड्यावर गेली होती. पावती नव्हती. त्या गोळ्या कोणाच्या, कशासाठी, केव्हा घ्यावयाच्या, हे सांगणारी एक खूणही तिच्याजवळ नव्हती.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली १९४५ साली झालेल्या नियमांनुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावयाचे असते. डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव-पत्ता, औषध आणि त्याचे प्रमाण यांची नोंद वहीत किंवा पावतीपुस्तकात करून ती किमान दोन वर्षे जपावयाची असते. काही प्रभावी प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे व सवय लावणारी औषधे यांच्यासाठी ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिची नोंदवही वेगळी, आणि ती तीन वर्षे ठेवावी लागते. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या २०१५ च्या विनियमांनी आणखी एक पाऊल टाकले. औषध कशासाठी आहे, किती व कसे घ्यावे, कोणता त्रास संभवतो, ते कसे साठवावे, एखादी वेळ चुकली तर काय करावे, हे फार्मासिस्टने स्वतः होऊन रुग्णाला वा त्याची शुश्रूषा करणाऱ्याला समजावून सांगावे, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे आजीने मला विचारलेला प्रश्न तिला पडूच नये, अशी तरतूद कायद्यात आहे!

ही केवळ कागदी कटकट आहे, असे म्हणणाऱ्यांनी १९८६ साल आठवावे. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदी, तपासणी आणि देखरेख यांतील ढिलाई उघड झाली. पुढे २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून त्याच विषाने, डायएथिलीन ग्लायकॉलने, वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. अशा वेळी शासन एका विशिष्ट बॅचचे औषध वापरू नका, असे जाहीर करते. पण ती बाटली कोणत्या घरात पोहोचली, हे सांगणार कोण? वहीत नाव असेल तर त्या दारावर थाप मारता येते. नसेल तर नुसते इशारे देत बसावे लागते.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे रांग असते. चिठ्ठी न आणताच गोळी मागणारे असतात. आणि मजुराच्या खिशात पुऱ्या पाकिटाचे पैसे नसतात, म्हणून कात्री चालते. ती नेहमीच लोभाने चालते असे नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ नंतर, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली आणि विक्रेत्यांच्या संघटनेने तिला कडाडून विरोध केला. अडचणी खऱ्या असतील. पण त्यांचा भार कोणावर पडतो, ते पाहावे. पुरे पाकीट घेणाऱ्याजवळ निदान छापील मजकूर राहतो. दोन गोळ्या घेणाऱ्याजवळ काहीच राहत नाही. ज्याला नोंदीची आणि दोन शब्दांची सर्वांत अधिक गरज, तोच वहीबाहेर राहतो.

उपाय फार खर्चाचा नाही. कापलेला तुकडा ज्या पुडीत द्यायचा, तिच्यावर रुग्णाचे व औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहावी. वाचता न येणाऱ्यासाठी सकाळचा सूर्य आणि रात्रीची चंद्रकोर काढावी. आणि त्याच्या बोलीत एकदा सांगून त्याच्याकडून परत वदवून घ्यावे. फैजपुरात औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना इंग्रजी पाठ्यपुस्तकातले शास्त्र लेवा बोलीत आणि तडवी-पावरा बांधवांना समजेल अशा शब्दांत सांगता आले, तर त्यांची पदवी सार्थकी लागेल. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच गावाने पाहिले. खेड्यातला माणूस मोजला जावा, हा त्यामागचा विचार औषधाच्या दुकानातही लागू पडतो.

आणि आपण? आपणही पावती मागत नाही, कारण दोन रुपयांच्या गोळीची पावती मागणे आपल्याला कोतेपणाचे वाटते. वाचकहो, यापुढे औषध घेताना पावती अवश्य मागा, तीवर रुग्णाचे नाव घालून घ्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या निरक्षर माणसासाठीही ती मागा. विक्रेता क्षणभर त्रासेल, पण पेन उचलेल.