काळ्याच्या छटा

काळा रंग एकच असतो, असं व्हिक्टोरियन काळातल्या शिंप्यापुढे म्हणायची सोय नव्हती. १८६१च्या १४ डिसेंबरला प्रिन्स अल्बर्ट गेला आणि राणीने अंगावर काळं चढवलं. १९०१ साली डोळे मिटेपर्यंत ते उतरलं नाही. आपल्या पणज्यांनी तिला राणीछाप रुपयावर मुकुटात पाहिलं. लंडनच्या बायकांसमोर होती ती काळ्या झग्यातली विधवा. मग दुखवट्याचीही फॅशन झाली. रीजंट स्ट्रीटवर तर १८४१पासून 'जेज'चं खास दुखवट्याच्या कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं.

विधवेने पहिलं वर्ष आणि वर एक दिवस क्रेप वापरायचं. रेशमाला तापल्या रुळांखालून काढून सुरकुत्या पाडायच्या, त्याची चमक पार मारून टाकायची, की झालं क्रेप. पावसाचे थेंब पडले की डाग उमटत, घाम आला की रंग अंगाला लागे. इंग्लंडच्या हवेत असलं कापड नेसायला लावणारे रिवाज कुणा पुरुषानेच काढले असावेत, असा माझा संशय आहे! पुढे क्रेप उतरे, साधं काळं रेशीम येई, मग करडा, शेवटी फिकट जांभळा. दुःख कुठवर आलंय, ते समोरच्याला न विचारता कळे.

मला मात्र वेड आहे ते दुखवट्यातल्या दागिन्यांच्या जेटचं. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीला, हे काळंभोर द्रव्य मिळतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, गाडलं गेलेलं लाकूडच ते. तळहातावर घ्या, वजन जाणवतच नाही आणि गारही लागत नाही. गार लागलं तर खुशाल समजा, काच आहे. 'फ्रेंच जेट' म्हणून विकतात ती. बिनझिलईच्या चिनी मातीवर हलकेच घासलं की खऱ्या जेटची तपकिरी रेघ उठते.

आज हे ल्यायचं कसं? अख्खा पोशाख चढवला की नाटकातलं पात्र होतं. एकच गोष्ट उचलावी. बंद गळ्याचा, लेस लावलेला पांढरा ब्लाउज, त्याच्या गळ्याशी जेटचा ब्रोच आणि खाली साधी काळी पँट. साडीवर तर हे फारच खुलतं. विसाव्या शतकाच्या आरंभीचे मराठी घरांतले फोटो पाहा: झालरीचा उंच गळा, फुगीर बाह्यांचं पोलकं, खांद्याशी पदराला ब्रोच. करड्या हातमागाच्या साडीवर असं पोलकं शिवून घ्या, पण बाह्या मनगटापर्यंत हव्यात आणि दंडाशी फुगा बेताचा. कानांत काही नको, ब्रोच पुरे.

कॉर्सेटचं म्हणाल, तर ते कपाटात राहू द्या. जेवायला जायचंय ना?