बांधावरची बोर कुणाची?

बोरीला काटे जोडीने येतात. प्रत्येक पानाच्या देठाशी दोन. त्यातला एक सरळ असतो, सुईसारखा. दुसरा आखूड आणि मागे वळलेला, गळासारखा. सरळ काटा आत शिरणाऱ्याला अडवतो. तरीही हात घातलाच, तर बाहेर काढताना वाकडा काटा बाही धरून ठेवतो. ओढलं की शर्ट फाटतो. सुटायचं असेल तर हात आधी थोडा आणखी आत न्यायचा, मग तो आकडा सुटतो. आमच्याकडे हे पोरांना कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं.

आमच्याकडे म्हणजे देवळा तालुक्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शेत देवळ्याच्या पूर्वेला. हा तालुका छोटा असला तरी त्याचे दोन तुकडे आहेत. उत्तरेला गिरणाकाठ: लोहोणेर, सावकी, भऊर. तिकडे पाणी आहे. पूर्वेला मेशी, दहिवड, उमराणे हा भाग. इथे जमीन बरीचशी मुरमाड, आणि सगळा खेळ विहिरीचा आणि पावसाचा. कांदा आणि डाळिंब लावावं लागतं. बांधावरची बोर, बाभूळ आणि निंब मात्र न लावता येतात. ‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी’ ही म्हण आपण एकमेकांच्या थापा ओळखून आहोत हे सांगायला वापरतात. पण वनस्पतिशास्त्र म्हणूनही ती बरोबर आहे.

या बोरीचं शास्त्रीय नाव ‘झिझिफस मॉरिशियाना’. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1789 मध्ये ते दिलं, मॉरिशस बेटावरून. झाड मात्र आपल्याकडचं, आणि जुनं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत सातू, मसूर यांच्यासोबत बोरीच्या बियाही निघाल्या. म्हणजे इथला शेतकरी कांदा लावायला लागायच्या कितीतरी आधीपासून बोरं खातोय.

बोरीची जगण्याची रीत मला फार हुशारीची वाटते. एप्रिल-मे महिन्यात आम्ही डाळिंबासाठी टँकरचे फोन फिरवत असतो, तेव्हा बोर पानं टाकून झोपलेली असते. जे पाणी नाही ते मागतच नाही. पावसाळ्यात पुन्हा फुटते. पावसाच्या शेवटी हिरवट-पिवळी, बारीक, जरा उग्र वासाची फुलं येतात. त्यांवर माश्या, गांधीलमाश्या, मधमाश्या तुटून पडतात. हिवाळ्यात बोरं पिकतात, म्हणजे रानात दुसरं फारसं काही खायला नसतं तेव्हा. मूळ इतकं खोल जातं की झाड बुंध्यापासून तोडलं तरी पुढच्या पावसात पुन्हा फूट.

तिचे उपयोग सांगायचे तर आमच्या आजीचा दिवस सांगावा लागेल. सकाळी शेळ्या बोरीखाली. शेळी मागच्या पायांवर उभी राहून काट्यांमधून पान अचूक टिपते. आपल्याला चिमट्याने जमणार नाही असं काम ती ओठांनी करते. (राजस्थानात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालते. तिथल्या झडबेरीची पानं झोडपून, सुकवून जनावरांसाठी साठवतात.) दुपारी बोरं वेचायची, म्हणजे फांदी काठीने हलवायची आणि खाली जुनं लुगडं पसरायचं. गोड असतील ती खायची, तुरट असतील ती पत्र्यावर वाळवायची. वाळलेली कुटून मीठ-गूळ घातला की बोरकूट. कुऱ्हाडीचा दांडा बोरीचा, कारण लाकूड चिवट. चुलीतही बोरीचं लाकूड, कारण त्याचा निखारा टिकतो. संक्रांतीनंतर घरातल्या बाळाला बोरन्हाण. त्या बोरांसाठी मी पुण्यात ॲपवरून पैसे मोजलेले आहेत. आजीला हे सांगितलं तेव्हा तिने आधी किलोचा भाव विचारला आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

पण तिच्या दृष्टीने बोरीचा पहिला उपयोग फळ नव्हताच. पहिला उपयोग काटा. तोडलेल्या फांद्या दोन फाट्यांच्या काठीने उचलून एकावर एक दाबायच्या, की कुपाटी तयार. खळ्याला कुपाटी, शेळ्यांच्या वाड्याला कुपाटी, नव्या रोपाभोवती कुपाटी. वाकडे काटे एकमेकांत अडकतात, त्यामुळे तार नको, खिळा नको. आमच्या विहिरीजवळचा मोठा निंब एका जुन्या बोरीच्या आत वाढलाय. पाखराने बी टाकलं, बोरीने शेळ्यांना आत येऊ दिलं नाही, आणि निंब वर निघून गेला. ती बोर आता त्याच्या सावलीत वाळली आहे.

आणि काट्याचा त्याहून मोठा उपयोग म्हणजे बांधाची साक्ष. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ‘बांध कोरणे’ म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी: दर वर्षी नांगर वीतभर पलीकडे न्यायचा, दहा वर्षांत तास-दोन तास जमीन आपली. भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात त्या यावरून. बांधावर बोर असली की हे जमत नाही. तिच्या मुळात नांगर अडकतो, काट्यात बैल जात नाही, आणि आजोबांच्या काळापासून ती कुठे उभी आहे हे दोन्ही घरांना माहीत असतं.

आता एक गोष्ट, जी मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात याच काट्याचं सरकारी कुंपण उभं केलं होतं. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ पलीकडे नेऊ नये म्हणून उत्तर आणि मध्य भारतातून एक जकातरेषा काढली. 1869 च्या सुमारास ती 2,300 मैलांच्या घरात होती आणि तिच्यावर सुमारे 12,000 माणसं पहाऱ्याला होती. सुरुवातीला हे कुंपण म्हणजे तोडून रचलेल्या काटेरी फांद्या, त्यातही बोरीच्या. फांद्या वाळायच्या, वाळवी खायची, वणव्यात जळायच्या. मग 1867 मध्ये जकात खात्याचा आयुक्त झालेल्या ॲलन ह्यूमने जिवंत कुंपण लावायला घेतलं: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग. जिथे ते नीट वाढलं तिथे माणसाच्या दुप्पट उंच झालं. हाच ह्यूम पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या संस्थापकांत होता. 1 एप्रिल 1879 ला ही रेषा रद्द झाली आणि लोक ती इतके विसरले की रॉय मॉक्सहॅम नावाच्या लेखकाला तिचा उरलेला तुकडा शोधायला कित्येक फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी तो इटावा जिल्ह्यात सापडला. त्याचं पुस्तक 2001 चं.

मी हे वाचलं तेव्हा मला आमचा बांध आठवला. झाड तेच, काटे तेच. फरक इतकाच की त्या कुंपणाला एकच मालक होता आणि एकच काम होतं. आमच्या बांधावरच्या बोरीला मालक नाही. बोरं पिकली की आमची पोरं खातात, नानांच्या घरची खातात, रस्त्याने जाणारा मेंढपाळ खातो, रात्री कोल्हा खातो. शेतातलं डाळिंब कुणी तोडलं तर भांडण होतं. बांधावरचं बोर तोडलं म्हणून भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही.

मालक नाही, म्हणूनच ती अडचणीत आली.

गेल्या वर्षी चुलतभावाने, म्हणजे नानांच्या मुलाने, विषय काढला. मी त्याला दादा म्हणतो. बांधावरच्या दहा बोरी जेसीबीने काढायच्या, तारेचं कुंपण करायचं आणि त्यावर सोलरचं झटका मशीन. त्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. बांध 120 मीटरचा. बोरीची सावली आणि मुळं मिळून साधारण दोन मीटरचा पट्टा वाया. म्हणजे 240 चौरस मीटर, जवळपास अडीच गुंठे. एकरी 100 क्विंटल उन्हाळी कांदा धरला तर 6 क्विंटल. भाव क्विंटलला 1,000 मिळाला तर 6,000 रुपये, 2,000 मिळाला तर 12,000. दर वर्षी. शिवाय फळमाशीच्या अळ्या, शिवाय काट्याने पंक्चर होणारे टायर, शिवाय आता बिबट्याची भीती. रात्री पाणी द्यायला तोच जातो, मी नाही.

आमच्या कामात एक तत्त्व आहे, ‘चेस्टरटनचं कुंपण’. कोड रिव्ह्यूत सीनियर लोक ते हमखास ऐकवतात. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने 1929 च्या पुस्तकात दिलेला दाखला असा: रस्त्यात आडवं कुंपण दिसलं आणि ते का आहे ते कळत नसेल, तर ते काढायची परवानगी तुला नाही. आधी ते का घातलं ते शोधून ये, मग काढायचं का ते बघू. आम्ही हे जुन्या फंक्शनबद्दल बोलतो. इथे खरंच कुंपण होतं.

मी दादासमोर यादी ठेवली. बांधाची साक्ष, शेळ्यांचा पाला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मधमाश्यांना फुलोरा, उतारावरची माती धरून ठेवणारी मुळं, सरपण. झटका मशीनला बॅटरी लागते, बोरीला काही लागत नाही. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “हे सगळं खरं. पण यातलं कुठलं माझ्या सातबाऱ्यावर येतं?”

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. कारण प्रश्न नेमका तोच आहे. बोरीचा तोटा एका माणसाच्या हिशेबात पडतो, अडीच गुंठे म्हणून मोजता येतो. फायदा मात्र दोन घरांत, शेळ्यांत, पाखरांत, रस्त्याने जाणाऱ्यांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला एवढासा येतो की कुणीच तो लिहून ठेवत नाही. जेसीबीचा तास मात्र पावतीवर येतो.

आणि बोर म्हणजे सगळं चांगलंच, असंही नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात हीच झिझिफस मॉरिशियाना बाहेरून आली आणि माजली. काट्यांच्या जाळ्या होऊन गुरं चरायची कुरणं बंद पडली. तिथे ती उपटून काढायचं तण आहे. उलट आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने स्थानिक बोरीच्या खुंटावर भारतीय जातींची कलमं करायला शिकवलं. त्या फळाला तिकडे ‘साहेलचं सफरचंद’ म्हणतात. म्हणजे झाड वाईट की चांगलं हा प्रश्न अर्धाच आहे. ते कुठे उभं आहे आणि त्याच्याकडे कोण बघतंय हा उरलेला अर्धा.

आमच्या घरी तोडगा तिथूनच निघाला. साहेलची गोष्ट ऐकून दादा म्हणाला, कलम तर इथेही होतं. आणि खरंच, महाराष्ट्रात 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत बोर होतीच. पद्धत साधी आहे. एप्रिलमध्ये रानबोर खालून छाटायची, पावसाच्या सुरुवातीला जोमदार नवी फूट येते, त्या फुटीवर चांगल्या जातीचा डोळा भरायचा. मूळ रानटी, त्यामुळे पाण्याची मागणी नाही. वर फळ बाजारात चालणारं. जात आम्ही उमराण घेतली. आमच्या तालुक्यातल्या उमराण्याशी तिचा संबंध असेल असं वाटेल, पण ती जात मूळ राजस्थानातल्या अलवरकडची मानतात. दादाला मात्र नाव आवडलं.

शेवटी हिशेब असा झाला. दहातल्या सहा बोरी गेल्या. त्या जागी तार आली, आणि तार लावण्याआधी दोन्ही घरांनी पैसे घालून मोजणी करून घेतली. बोरी असताना तिची गरज पडली नव्हती. ओढ्याच्या बाजूच्या चार राहिल्या, कारण तिथली माती वाहून जाते हे दादालाही दिसत होतं. त्या चारपैकी तिघींवर उमराणचे डोळे भरले. दोन जगले.

कलमाच्या बोरीची एक खोड असते. डोळ्याच्या खालून, खुंटावरून, रानटी फूट सारखी येत राहते. ती वेळोवेळी काढावी लागते, नाहीतर तीच वर चढते आणि कलम मरतं. त्या दोन झाडांची फूट दादा नेमाने काढतो. चौथ्या बोरीला त्याने हातच लावलेला नाही. तिच्यावर कलम का केलं नाही, असं मी फोनवर विचारलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “शेळ्यांना पाला नको का?”

मग जरा थांबून म्हणाला, “आणि त्या मेंढपाळाला काय सांगू, उमराण आहे, हात लावू नको म्हणून?”