खोक्यावरचे लिटर आणि टाकीतले खाणे

जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे एकाच खाऱ्या पाण्यात सांभाळणाऱ्या घरगुती टाकीत, जिला या लेखात प्रवाळटाकी म्हटले आहे, दिव्यांच्या खालोखाल खर्च प्रोटीन स्किमर या उपकरणावर होतो, आणि गैरसमजांच्या बाबतीत तर त्याचा क्रमांक पहिला लागतो. या अंकासाठी संपादकांनी विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता: माशांनी भरलेल्या टाकीला कोणता स्किमर घ्यावा? परंतु स्किमरच्या खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा हे त्याच्या ताकदीचे माप आहे, असे एक गृहीत त्या प्रश्नात दडलेले आहे, आणि ते बाजूला सारल्याखेरीज कोणत्याही उत्तराला अर्थ येत नाही.

स्किमरचे तत्त्व सोपे आहे. प्रथिने, त्यांचे तुकडे, स्निग्धाम्ले आणि त्यांसारखे अनेक सेंद्रिय रेणू असे असतात की त्यांच्या एका भागाला पाण्याची ओढ असते आणि दुसरा भाग पाण्यापासून दूर जाऊ पाहतो. त्यामुळे जेथे पाणी आणि हवा भेटतात त्या सीमेवर ते गोळा होतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र कोकणच्या किनाऱ्यावर जो पिवळसर, चिवट फेस आणून टाकतो आणि जो वाऱ्याबरोबर वाळूवरून घरंगळत जातो, तो याच रेणूंनी धरून ठेवलेला असतो. स्किमर तेच काम एका उभ्या नळकांड्यात करतो: पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, त्यांच्या पृष्ठभागावर घाण चिकटू द्यायची, फेस वरच्या अरुंद गळ्यातून चढू द्यायचा आणि पेल्यात साठलेला काळपट द्रव फेकून द्यायचा. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळताना त्यात भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढतात, त्या कामाशी याचे जवळचे नाते आहे. तेथे उष्णता काम करते आणि येथे हवा, पण वर आलेले वेळेवर काढले नाही तर ते पुन्हा खाली मिसळते, हे दोन्हीकडे सारखेच. म्हणून पेल्यातील द्रवाला येथे मळी हाच शब्द योजला आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, तर खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे ते बारीकच राहतात, आणि म्हणून हे उपकरण मुख्यतः समुद्री टाक्यांसाठीच उपयोगी पडते.

आता लिटरच्या आकड्याकडे वळता येईल. ‘१००० लिटरपर्यंत’ असे जेव्हा छापले जाते तेव्हा त्यामागे सर्व उत्पादकांनी मान्य केलेली एकही चाचणी नसते. काही उत्पादक विरळ, मध्यम आणि दाट वस्तीसाठी तीन वेगळे आकडे देतात, आणि ग्राहक बहुधा त्यांतला सर्वांत मोठा लक्षात ठेवतो. वास्तविक ४०० लिटरच्या दोन टाक्या, एकीत चार क्लाउनफिश आणि दुसरीत दिवसभर चरणाऱ्या चार-पाच टँगसह वीस मासे, या स्किमरच्या दृष्टीने एक नव्हेतच, कारण स्किमरला पाणी साफ करायचे नसून त्या पाण्यात रोज पडणाऱ्या अन्नाचे अवशेष काढायचे असतात. समजा, रोज ५ ग्रॅम कोरडे खाद्य टाकले आणि त्यात निम्मी प्रथिने आहेत. प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो, म्हणजे टाकीत रोज ०.४ ग्रॅम नायट्रोजन उतरला. तो सगळाच्या सगळा जिवाणूंच्या मार्गाने नायट्रेट बनला तर सुमारे १.८ ग्रॅम नायट्रेट होईल आणि ४०० लिटर पाण्यात ते दर लिटरमागे रोज साडेचार मिलिग्रॅमने वाढेल. माशांची वाढ, शेवाळ, प्रवाळ आणि खडकातील जिवाणू यांमुळे प्रत्यक्षातली वाढ यापेक्षा कमी असते, हे खरे. तरीही कोणत्या तराजूने तोलायचे ते या हिशेबातून स्पष्ट होते. टाकीचे लिटर वर्षभर तेच राहतात, खाण्याचे वजन मात्र माशांबरोबर वाढत जाते.

या विषयातील एक वाद येथे सविस्तर मांडणे आवश्यक आहे, कारण बाजारातील बहुतेक सल्ले त्याच्याच अर्धवट आठवणीवर उभे आहेत. पेद्रो रामोन एस्कोबाल या अभियंत्याने, ज्याचा आधीचा ग्रंथ उपग्रहांच्या कक्षा ठरवण्याच्या गणितावर होता, जलजीव-यंत्रणांच्या अभियांत्रिकीवर पुढे जे पुस्तक लिहिले, त्यातील दोन गोष्टी छंदिष्टांनी उचलल्या. पहिली म्हणजे बुडबुडा आणि पाणी यांचा सहवास सुमारे दोन मिनिटांचा असावा. दुसरी म्हणजे ९.२ हा गुणक. साफ झालेले पाणी पुन्हा त्याच टाकीत मिसळत असल्याने ५०० लिटरची टाकी ताशी १००० लिटरच्या पंपाने अर्ध्या तासात साफ होत नाही, ९९.९९ टक्के पाणी किमान एकदा स्किमरमधून जाण्यासाठी त्या अर्ध्या तासाला ९.२ ने गुणावे लागते आणि उत्तर ४.६ तास येते. गणित निर्दोष आहे, पण स्किमरमधून एकदा गेलेले पाणी पूर्ण साफ होऊनच बाहेर पडते, हे त्यात धरलेले असते, आणि सगळा वाद तेथेच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनाचा मागोवा घेतला, तेव्हा स्किमर त्यातला साधारण २० ते ३० टक्के भागच काढू शकतो, उरलेला भाग कितीही वेळ चालवले तरी जागचा हलत नाही, आणि वेगवेगळ्या बनावटीच्या स्किमरमधील फरक जाहिरातींवरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, असे दिसून आले. मळीच्या पृथक्करणात तर घन भागाचा मोठा वाटा चुनखडी आणि सिलिकाचा निघाला. म्हणजे पेला काळ्या द्रवाने भरला, एवढ्यावरून पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये निघून गेली असे सिद्ध होत नाही, आणि हे सांगितले की पेल्याकडे अभिमानाने बोट दाखवणारा मालक दुखावतो, हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. फेल्डमन यांच्या निष्कर्षावरून स्किमर निरुपयोगी ठरवणारे मात्र दुसऱ्या टोकाला जातात. जो भाग निघतो तो कुजण्याआधी निघतो, आणि दाट वस्तीच्या टाकीत त्याचेच मोल सर्वाधिक असते.

मग निवड कशी करावी? आज बहुतेक स्किमरमध्ये सुईदार चकतीचा पंप असतो, म्हणजे ज्याच्या फिरत्या चकतीवरील असंख्य काड्या आत ओढलेल्या हवेचे पिठासारखे बारीक बुडबुडे करतात असा पंप. त्यामुळे प्रथम पाहावे ते पंप ताशी किती लिटर हवा ओढतो हे. दुसरी गोष्ट गळ्याची रुंदी, आणि येथे ‘जितका मोठा तितका चांगला’ हा समज सर्वाधिक नुकसान करतो. गळ्याचा व्यास १० सेंटिमीटरवरून १५ वर नेला की त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, आणि तेवढ्या जागेत फेस उभा राहण्याइतकी घाण पाण्यात नसेल तर तो गळ्यातच मोडून पडतो. पेला कोरडा राहतो आणि मालकाला वाटते की पाणी शुद्ध झाले. तिसरी गोष्ट, जी खोक्यावर सर्वांत बारीक अक्षरांत असते, ती संपमधील पाण्याची खोली. संप म्हणजे मुख्य टाकीखालची छोटी टाकी, आणि तिच्यात ठेवण्याचे बहुतेक स्किमर साधारण १८ ते २५ सेंटिमीटर पाण्यासाठी बनवलेले असतात. शिवाय ती पातळी दिवसभर स्थिर राहावी लागते, म्हणजे बाष्पीभवनाने ती जेथे कमी होते त्या कप्प्यात स्किमर ठेवून चालत नाही.

या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व एका अलीकडच्या टाकीने शिकवले. दाट वस्तीच्या ४०० लिटरच्या त्या टाकीत नायट्रेट उतरत नव्हते, म्हणून प्रस्तुत लेखकाच्या सल्ल्यावरून जुना स्किमर विकून मोठा आणण्यात आला. परंतु संपच्या कप्प्यात पाणी २८ सेंटिमीटर होते आणि नव्या स्किमरला २० हवे होते. फेस गळ्यात उसळून पेल्यात निव्वळ चहाच्या रंगाचे पाणी साठू लागले, आणि ते थांबवण्यासाठी स्किमरमधून पाणी बाहेर जाण्याचा मार्ग पूर्ण उघडला की फेस खाली बसे. शेवटी प्लॅस्टिकच्या जाळीचे ८ सेंटिमीटर उंचीचे पाट खाली ठेवले, तेव्हा दोन दिवसांत गळ्याच्या काचेवर बोटाने ओढता येईल असा तपकिरी, तेलकट थर धरला आणि पेल्यात उग्र वासाची दाट मळी येऊ लागली. जुना स्किमरसुद्धा त्याच २८ सेंटिमीटरमध्ये बुडालेला होता. तेच पाट त्याच्याखाली ठेवले असते तर नवा घ्यावा लागला असता का, याचे उत्तर आता मिळणार नाही, आणि तो सल्ला घाईचा होता ही जाणीव जात नाही.

स्किमर काय करत नाही, हेही येथे नोंदवणे भाग आहे. पाण्यात पूर्ण विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट त्याच्या फेसाला चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी बदलणे, शेवाळ वाढवणारा वेगळा कप्पा किंवा फॉस्फेट शोषणारे द्रव्य हेच मार्ग आहेत, आणि पाण्याचा पिवळेपणा सक्रिय कोळसा अधिक चांगला घालवतो. उलट स्किमरचा एक मोठा उपकार कोणी मोजत नाही, तो म्हणजे प्राणवायू. २५ अंश तापमानाच्या समुद्री पाण्यात हवेशी समतोल साधल्यावर दर लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि वीस माशांची टाकी तो रात्रीत झपाट्याने संपवते. वीज गेल्यावर पहिल्यांदा गुदमरतात ते मासेच. म्हणून दाट वस्तीच्या टाकीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मोठ्या स्किमरइतकाच आवश्यक मानावा. स्किमरच्या हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचे पापुद्रे धरून हवा घटते, तेव्हा ती नळी कोमट पाण्याने धुणे आणि गळा दोन-तीन दिवसांनी पुसणे, ही कामे महागड्या पंपापेक्षा अधिक परिणाम देतात. माखलेल्या गळ्यात फेस टिकत नाही.

भारतातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि मालवणच्या समुद्रातील प्रवाळाचा लहानसा तुकडाही घरी आणणे हा गुन्हा आहे. तेथील खडकाला झालेली इजा कोणत्याही स्किमरने भरून येत नाही.

ज्यांच्याकडे कायदेशीर मार्गाने उभारलेली, माशांनी भरलेली टाकी आहे, त्यांनी खरेदीआधी आठवडाभर स्वयंपाकघरातील काट्यावर रोजचे खाद्य तोलावे, संपमधील पाणी पट्टीने मोजावे, आणि ते दोन आकडे कागदावर लिहूनच दुकानात जावे.