लक्ष्मीबाईंचा गोतावळा

शरणपूर रोडवरून येताना आज लक्ष्मीबाई टिळक मनात होत्या. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १९३६ मध्ये गेल्या त्याही नाशकातच. सगळे त्यांना ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे ओळखतात. मला मात्र त्यांच्यातली दत्तूची आईच जास्त जवळची वाटते. १८९५ मध्ये त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा दत्तू लहान, आणि पुढे काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई नंतर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करते, परक्यांची पोरं पोटाशी धरते. टिळक उदार खरे, पण वाढत्या पंगतीचं निभवायचं बाईंनीच! १९१९ मध्ये टिळक गेल्यावर मुंबईत मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली. एवढं सोसून आत्मचरित्रात रडगाणं नाहीच. नवऱ्याच्या विसरभोळेपणावर आणि स्वतःच्या फजितीवर त्या मनसोक्त हसतात.